इन्शिराहच्या पिवळ्या बाटल्या

डॉक्टर इन्शिराह कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीत डोकावते. अख्ख्या तांता शहरात यावरून तिला नावं ठेवतात. "ही सून बघायला गेली तरी आधी मोरीच बघेल," असं तिची सख्खी मावशी म्हणते.

विद्यापीठात तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. तिच्या भिंतीवर ज्या मुलांचे फोटो आहेत, त्यांना पाणीसुद्धा पोटात नळी घालून द्यावं लागतं. आमच्याकडे कपडे उकळायला, फरशा घासायला बुतास लागतो. जहाल क्षार, पण दिसायला अगदी पाण्यासारखा. दुकानदार तो सुटा विकतो, आणि गिऱ्हाईक घरात सापडेल ती पाण्याची नाहीतर सरबताची बाटली पुढे करतं. पोर उन्हातून येतं, बाटली तोंडाला लावतं. एका घोटात अन्ननलिका जळते.

इन्शिराहनं यावर वर्षानुवर्षं शोधनिबंध लिहिले. ते आम्हीच वाचले. शेवटी तिनं बुतासासाठी खास बाटल्या करून घेतल्या. जाड, पिवळ्याधमक, दाबून फिरवल्याशिवाय न उघडणाऱ्या. वर धोक्याची खूण म्हणून रडकं बाळ हवं होतं. पण कारखान्याच्या चित्रकाराला नुकतीच मुलगी झालेली. त्याच्या हातून बाळ असं गुटगुटीत उतरलं, की ते रडतंय की लाडात आलंय कळेना. बाटल्या फुकट वाटल्या. बायकांनी तोंडभर दुवा दिला.

काही महिन्यांनी आम्ही दोघी पाहणीला निघालो. पहिलं घर उम्म वग्दीचं. इन्शिराह थेट मोरीत.

"बसा हो डॉक्टरबाई. तुमच्यापेक्षा तुमची मावशी बरी. निदान टेकते तरी."

मोरीत बुतास होता, पाण्याच्या जुन्याच बाटलीत.

"आणि मी दिलेली बाटली?"

"ती काय मोरीत ठेवायची वस्तू आहे? रोदैना, पाहुण्यांना सरबत आण गं."

पाच वर्षांची नात पिवळी बाटली कवटाळून आली. इवल्या तळव्यानं झाकण दाबलं, फिरवलं आणि उघडलं. इन्शिराह पांढरीफटक पडली. पेल्यात अंबाडीच्या फुलांचं लालभडक सरबत पडलं, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

"घ्या ना. इतक्या देखण्या बाटलीत जहर कोण भरेल? सगळ्या गल्लीत आल्यागेल्याला यातूनच देतात."

"सगळ्या?"

"नबविया आजी नाही देत," रोदैना म्हणाली. "तिनं तिची बाटली मोरीत लपवलीय. चिकट आहे ती."

इन्शिराहनं पेला खाली ठेवला आणि अनवाणीच शेजारचं दार गाठलं. मी मागोमाग.

नबवियानं कौतुकानं बाटली दाखवली. "तुम्ही सांगितलंत तस्संच. बुतास याच्यातच."

"शेजारची छोकरी येते इथे?"

"येते म्हणजे? इथेच पडलेली असते."

"आजी, ती बाटली मला परत द्या."

नबवियाचा चेहरा उतरला. "सगळ्या गल्लीत मीच तेवढं तुमचं ऐकलं. आणि माझीच काढून घेताय?"

पोरांच्या लेखी पिवळी बाटली म्हणजे सरबत, म्हणून ऐकणारीमुळेच आता भीती होती, हे इन्शिराह कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं म्हातारीचा हात धरला, आणि बुतास ठेवायला उंचावरचं कुलपाचं कपाट आम्ही तिघींनी मिळून रिकामं केलं.

त्या दिवसापासून आम्ही दारोदार बाटल्या परत मागत हिंडतो. दिलेली भेट परत मागणारी म्हणून इन्शिराहचं नाव झालंच आहे. जिथे बाटलीत सरबत, तिथे ते संपवल्याशिवाय बाटली हातात पडत नाही. माझी जीभ आता कायमची लाल झाली आहे.

काल एका दाराला कुलूप दिसलं. हनाचं बिऱ्हाड. नवऱ्याला दुसरीकडे काम मिळालं आणि रांगतं पोर घेऊन ती गेली, असं शेजारणीनं सांगितलं.

"पिवळी बाटली?"

"नेली की. ती बरी टाकून जाईल."

"काय भरलं होतं तिच्यात?"

"आता ते कोण बघतंय बाई."

"गेली कुठे?"

"सुएझला म्हणत होती. की इस्माइलियाला?"

इन्शिराहनं कुलपाला हात लावून पाहिलं, जणू ते कदाचित उघडंच असेल. मग शेजारणीकडे वळली.

"तिच्या माहेरचं कुणी आहे का इथे?"