सहावं वचन कुणाच्या वाट्याला

माझं लग्न दोन वर्षं जगाच्या अंतामुळे अडलं होतं. मानपान, देणंघेणं, असलं काही नव्हतं. कांदिवलीचा तो मुलगा आमच्यासारखाच मराठी ख्रिस्ती, देवळात वाढलेला (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि पप्पांना मनापासून आवडलेला. "मुलगा झकास आहे गं," ते म्हणायचे, "वेळ झकास नाही."

पप्पा निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले आणि रिटायर झाल्यावर शेवटच्या काळाचा नकाशा काढायला घेतला. घाटकोपरच्या आमच्या घरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर तो लांबलचक तक्ता लागला होता. बायबलमधले संदेष्टे, पशू, शिंगं, कर्णे आणि प्रत्येकासमोर पेपरातली कात्रणं. कुठे भूकंप झाला की लाल पेन्सिल. देवनारच्या कचऱ्याला आग लागून आमच्याकडे धूर आला, तेव्हासुद्धा लाल पेन्सिल. सगळा डोलारा सत्तर या आकड्यावर उभा होता. सत्तर वर्षांनी सुटका होईल असं एका संदेष्ट्याने लिहिलंय. ती सत्तर वर्षं कुठून मोजायची, एवढंच पप्पांचं ठरत नव्हतं. त्यांनी सुरुवात सरकवली की शेवट सरकायचा, आणि त्याबरोबर माझं लग्नही.

मी भडकायचे. "पप्पा, तुमच्या लग्नाच्या वेळी भूकंप होत नव्हते का?" त्यावर ते चष्मा पुसत बसायचे. खरं म्हणजे ते घाबरले होते. एकुलत्या एका लेकीचा संसार संकटाच्या तोंडावर मांडायचा, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या देवळाच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो. तो चालवतात शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. त्यांचं म्हणणं असं, की भविष्यवाणी हे आधी दुसऱ्या कुणाला तरी आलेलं पत्र आहे. म्हणून आधी पाकिटावरचा पत्ता वाचायचा, ते त्यांना का आलं हे विचारायचं, आणि मग त्यात आपल्यासाठी काय आहे ते बघायचं. मधलीच एक ओळ, एक वचन, उचलून पळालेलं त्यांना अजिबात खपत नाही.

आमच्या घरी पाळी आली तेव्हा बाईंनी नेमका सत्तर वर्षांचा अध्याय काढला. मी तो आदल्या दिवशी वाचला आणि सहाव्या वचनाला उडालेच. बाबेलला (म्हणजे बॅबिलॉनला) कैद करून नेलेल्या लोकांना संदेष्टा पत्रातून कळवतो, की लग्नं करा, तुमच्या मुलींची लग्नं लावून द्या. पप्पांच्या लाडक्या सत्तरच्या फक्त चार वचनं आधी!

आमच्यात दारापासून ओळीने प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं, अशी रीत आहे. मग काय, मी खुर्च्या मांडल्या. पप्पांची वेताची खुर्ची दारापासून बरोबर सहावी, पाचवी माझी. मम्मीने बघितलं आणि चहा ठेवायला गेली.

वाचन सुरू झालं. तिसरं वचन चालू असताना खालच्या मजल्यावरच्या मावशी धापा टाकत आल्या, सगळ्यांना 'सलाम' (आमच्यातला नमस्कार) केला आणि "सरक ना रे जरा" म्हणत तिसऱ्या आणि चौथ्या खुर्चीच्या मधे स्टूल टाकून बसल्या. चौथं वचन त्यांनी वाचलं. वाट लागली! सहावं माझ्यावर आलं.

मुलींची लग्नं लावून द्या, हे भर सभेत मलाच वाचावं लागलं. माझे कान तापले. आधी मम्मी हसली, मग मावशी, मग अख्खी खोली. पप्पाही हसले, पण सातवं वचन त्यांचं होतं. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते त्यांनी हळू वाचलं. दहावं, सत्तर वर्षांनी मायदेशी परत नेण्याचं, वाचून झालं तेव्हा ते बोटाने पुन्हा पहिल्या वचनाकडे, पत्राच्या पत्त्याकडे, गेले.

"बाई, हे पत्र आलं तेव्हा जे माझ्या वयाचे होते, ते काही परत गेले नसतील ना?"

"नाही हो. कसे जाणार?"

"तरी त्यांना बागा लावायला सांगितल्या?"

"घरंसुद्धा बांधायला सांगितली. आणि हिने वाचलं तेही."

पप्पा उठले आणि तक्त्यापाशी गेले. फाडतात की काय, म्हणून मी खुर्चीतून अर्धी उठलेच. मी कितीही चिडले तरी तो त्यांच्या हातचा होता. त्यांनी काहीच फाडलं नाही. खिशातून पेन्सिल काढली, हिरवी, आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं, 'पुकार, पुढचा रविवार'. लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावं जाहीर करतात, ती पुकार.

"अहो, आधी मुलाकडच्यांना तरी विचारा!" मम्मी ओरडली.

मी रडत होते आणि हसतही होते. तशीच कांदिवलीला फोन लावला, त्याच्या आईने उचलला, आणि मी काही बोलायच्या आत पप्पांनी तो माझ्या हातातून घेतला.

"सलाम ताई," ते म्हणाले. "आमच्याकडून फार उशीर झाला. माफ करा."