बेन लिआची समोरची वाट

व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या मराठी मंडळाने मीनाक्षी करंबेळकरला दिवाळीच्या किल्ला स्पर्धेची परीक्षक म्हणून एकदाच बोलावलं. ती पर्समध्ये कोनमापक घेऊन गेली, आठ वर्षांच्या एका मुलीने केलेल्या प्रतापगडाचा उतार मोजला आणि म्हणाली, "छान आहे, पण इथे मावळा उभाच राहणार नाही. घसरून खाली येईल." मुलगी रडली. पुढच्या वर्षी मंडळाने दुसरा परीक्षक शोधला आणि मीनाक्षीने आपल्याच अंगणात किल्ला करायला घेतला. त्याला आता सतरा वर्षं झाली.

डोंगर खोटा करायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. पुण्यात भूगोलात एम.ए. करून ती शिकायला म्हणून अमेरिकेत आली आणि व्हर्जिनियात नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं राहिली. समान उंचीच्या तपकिरी रेषा काढणं हे तिचं काम. आधी फिल्मवर सुईसारख्या हत्याराने कोरून, नंतर कॉम्प्युटरवर. वायोमिंगमधली एकही घळ तिला परकी नव्हती आणि तिथल्या एकाही डोंगरावर तिने पाय ठेवला नव्हता. पाय ठेवायची वेळ आली तेव्हा गुडघे गेले होते. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, आणि पुन्हा विचारलं तर चहा न देता वाटेला लावायची.

किल्ल्याची तिची पद्धत ठरलेली. कुरिअरची खोकी वर्षभर साठवायची. नकाशावरची एकेक रेषा पुठ्ठ्यावर उतरवून कापायची आणि थरावर थर चिकटवत डोंगर चढवायचा. वरून बासमतीची रिकामी पोती, त्यावर अंगणातली लाल चिकणमाती, आणि मातीत मोहरी पेरायची, म्हणजे आठ दिवसांत गवत. घरमालकांच्या असोसिएशनचं दर वर्षी पत्र येई की समोर मातीचा ढीग दिसतो. ती दर वर्षी उत्तर पाठवी की हा ढीग नव्हे, राजगड आहे.

या वर्षी मात्र राजगड नव्हता. या वर्षी होता बेन लिआ, स्कॉटलंडच्या उत्तरेतला एक डोंगर, जिथे शेवटच्या डांबरी रस्त्यापासून नुसत्या पायथ्याशी पोचायला तीन तास चालावं लागतं. कारण होतं केया.

केया म्हणजे धाकट्या भावाची, प्रसादची मुलगी. प्रसाद दोन गल्ल्या सोडून राहतो. तो आणि त्याची बायको नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की केया आत्याकडे. इंग्रजी स्पेलिंग यायच्या आधी तिला नकाशातल्या रेषा वाचता यायला लागल्या. आता ती तेवीस वर्षांची, एडिंबरात पीटवर संशोधन करते. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात धड न कुजता साठत गेलेली काळी, स्पंजासारखी माती. तिचे मातीचे नमुने बेन लिआच्या पायथ्याचे. तिथून ती फोटो पाठवी: मैलोन्‌मैल तांबूस, झाड नसलेला उतार, मध्येच काळ्या पाण्याची डबकी, आणि मागे करडा, टक्कल पडलेला डोंगर. मीनाक्षीने त्या भागाचा नकाशा मागवला आणि किल्ला ठरला.

बावीस थर लागले. पश्चिमेची सोंड लांबलचक आणि सौम्य. ईशान्येला मात्र डोंगराचा घास घेतल्यासारखा मोठा खोलगट कडा आणि त्याच्या तळाशी छोटं तळं. मीनाक्षीने तळ्याच्या जागी वाटी पुरली. केया व्हिडिओवर म्हणाली, "आत्या, एग्झॅक्ट आहे. क्रीपी एग्झॅक्ट."

शेवटी मीनाक्षीने मावळे मांडायला घेतले. किल्ला म्हटला की वाट हवीच, नाहीतर मावळे चढणार कुठून? तेव्हा तिने बोटाने मातीत एक नागमोडी वाट ओढली, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आणि रांगोळीने पांढरी केली. सतरा वर्षं ती असंच करत आली होती. फोटो केयाला गेला आणि मीनाक्षी चकल्या तळायला गेली.

शनिवारी सकाळी साडेआठला केयाचा मेसेज आला. स्कॉटलंडमध्ये तेव्हा दुपारचे दीड. "टॉपवर आहे. नुसतं धुकं, पण इथेच सिग्नल मिळाला. लॅबमधला रोहन येणार होता, आजारी पडला, सो एकटीच आले. बाबाला सांगू नकोस. आता तुझ्या वाटेने उतरते, शॉर्ट आहे. लव यू."

मीनाक्षी चहाचा कप घेऊन अंगणात गेली आणि किल्ल्यासमोर उभी राहिली. पांढरी वाट समोरूनच वर जात होती. ईशान्येच्या कड्यावरून.

कप तिने कुठे ठेवला ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

तिने फोन लावला. लागला नाही. मेसेज टाकला: "ती वाट खोटी आहे. पश्चिमेने उतर." एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी उमटेना. पुन्हा टाकला. मग ती पायरीवर बसली आणि प्रसादला फोन केला.

"ये इकडे. आत्ता. चप्पल घालून ये, गाडी नको काढूस."

प्रसाद पाच मिनिटांत आला, टी-शर्ट उलटा. तिने सगळं सांगितलं. लपवायची तिला सवय नव्हती.

"म्हणजे तिकडे कडा आहे," प्रसाद म्हणाला, "आणि तू त्याच्यावर वाट काढलीस."

"हो."

"मोजमापाची एवढी पक्की तू. लोकांच्या पोरींना रडवतेस. आणि स्वतः—"

"वाट मोजलेली नव्हती. वाट मावळ्यांसाठी होती. मला वाटलं हे कुणालाही कळतं."

"तिला कसं कळेल, ताई? तिला लहानपणापासून तूच सांगितलंयस ना, माझ्या किल्ल्यात खोटं काही नसतं."

मीनाक्षी घरात जाऊन नकाशा, भिंग आणि एका कागदावर लिहिलेला नंबर घेऊन आली. डांबरी रस्ता संपतो तिथे एक छोटं हॉटेल आहे. केया तिथे उतरली होती, आणि जायच्या आधी तिथला नंबर आत्याने दमदाटी करून मिळवला होता.

फोन उचलला तो हॉटेलच्या मालकीणबाईंनी. आवाजावरून मीनाक्षीच्याच वयाच्या, आणि स्वभावाने बहुधा तशाच. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "त्या बाजूने कुणी उतरत नाही. हरणंसुद्धा नाहीत. मुलीकडे कागदी नकाशा आहे?"

"आहे. मी दिलाय."

"वाचता येतो?"

"मी शिकवलाय."

"मग तुम्ही शिकवलंय तसं होईल. सहाला अंधार पडतो. आमचे यजमान साडेपाचला जीप घेऊन कच्च्या रस्त्याच्या टोकाला जातील. सातपर्यंत ती नाही आली तर बचाव पथकाला मी बोलावते. आत्ता बोलावलं तरी या धुक्यात ते काही करू शकणार नाहीत. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

स्कॉटलंडचे सात म्हणजे इथले दुपारचे दोन. अजून पाच तास होते.

प्रसादने बायकोला फोन करायला मोबाईल काढला. ती दिवाळीच्या खरेदीसाठी शिकागोला बहिणीकडे गेली होती. त्याने मोबाईल परत खिशात टाकला. "दोननंतर सांगू," म्हणाला. मग किल्ल्याकडे बघत नुसता उभा राहिला, आणि ते मीनाक्षीला सहन होईना.

"बस इथे," ती म्हणाली. नकाशा मांडीवर पसरला. "दीडला ती माथ्यावर होती. माथ्यावर दगडांची रास आहे, बाकी सपाट, मोठमोठे करडे धोंडे. ओल्या धोंड्यांवरून भरभर चालता येत नाही. पश्चिमेच्या सोंडेवर यायला पाऊण तास धर. म्हणजे आत्ता ती इथे आहे." तिने भिंग ठेवलं.

"आणि दुसरीकडून उतरली असेल तर?"

"दुसरीकडून वाटच नाहीये. मी सांगते ते ऐक."

तो ऐकत बसला. एकतीस वर्षं जे तिने कागदावर केलं होतं ते ती आता तोंडाने करत होती. दहाला तिने केयाला सोंडेवरून खाली आणलं, जिथे धोंडे संपून आखूड गवत लागतं. साडेदहाला एक ओढा ओलांडायला लावला. "पाऊस झाला असेल तर गुडघाभर. बूट काढायचा आळस करेल, तुझ्यावर गेली आहे." अकराला पडक्या दगडी भिंती आल्या. पूर्वी उन्हाळ्यात गुरं घेऊन लोक वर येऊन राहत, त्यांच्या झोपड्यांच्या. नकाशावर नुसते चार बारीक ठिपके होते. "इथे ती फोटो काढायला थांबेल, दहा मिनिटं जास्त धर." मग पीटचा पट्टा. तिथे वाट नाही, काळ्या चरांमधून वळसे घेत जावं लागतं, एका मैलाला तास. प्रसादने मध्येच विचारलं, "तिथे झाडं का नाहीत गं?" मीनाक्षीने झाडं का नाहीत तेही सांगितलं: तोडली, आणि नवी उगवली की हरणं खातात. नकाशावरच्या सगळ्याचं तिच्याकडे उत्तर होतं. पण भिंग ईशान्येला तिने एकदाही नेलं नाही. तिथे रेषा इतक्या जवळ आल्या होत्या की तपकिरी डागच दिसत होता, आणि प्रसादला नकाशा वाचता येत नसला तरी तेवढं त्यालाही कळत होतं.

एक वाजला. तिकडे अंधार पडला. प्रसाद उठून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. दीड वाजला. मीनाक्षीने चकल्यांचा डबा आणला आणि कुणी उघडला नाही.

दोनला पाच कमी असताना तिचा फोन वाजला. नंबर हॉटेलचा. तिने फोन प्रसादच्या हातात दिला. प्रसादने तो तिच्या हातात परत दिला. शेवटी तिनेच उचलला.

"आत्या," केया म्हणाली, "तुझ्या त्या वाटेला काय अर्थ आहे?"

प्रसादने फोन ओढून स्पीकरवर टाकला.

"लागलंय का कुठे?" त्याने विचारलं.

"बाबा? शिट. आत्या, यू टोल्ड हिम. नाही लागलं. ओली झालेय, दॅट्स ऑल. जीपवाले काका रस्त्याच्या टोकाला भेटले. आता सूप पितेय."

"उतरलीस कुठून?" मीनाक्षी फोनवर वाकली.

"पश्चिमेने. आधी तुझ्याच वाटेने निघाले होते. चाळीसेक पावलं गेले. मग पायाखालून एक धोंडा सुटला आणि, आत्या, त्याचा पडल्याचा आवाजच येईना. खूप वेळाने आला. मग बसले खाली आणि मॅप काढला. तिथे लाइन्स नुसत्या चिकटलेल्या. मला वाटलं, आत्या चुकणार नाही. मग क्लिक झालं. तुझ्या राजगडाची वाट कुठे होती? घरासमोरच्या रस्त्याच्या बाजूला. तोरण्याची? रस्त्याच्या बाजूला. सगळ्या किल्ल्यांची वाट तू बघणाऱ्यांच्या बाजूलाच काढतेस, लोकांना मावळे दिसावेत म्हणून. देन आय लाफ्ड, यू नो, एकटीच, धुक्यात. आणि वर चढून परत गेले."

प्रसाद पायरीवर बसला आणि टी-शर्टने तोंड पुसायला लागला. उलटा आहे हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"ओढ्यात बूट काढले होतेस का?" मीनाक्षीने विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. तुझ्या बाबाला सांगितलं होतं मी."

मग केया बोलत सुटली. हरणांचे नर म्हणे या दिवसांत डरकाळ्या फोडतात. धुक्यात काही दिसत नाही आणि चहूबाजूंनी डरकाळ्या, तिला आधी वाटलं कुणाची मोटरसायकल बंद पडलीय. पडक्या भिंतींपाशी तिने बारा फोटो काढले. पीटमध्ये कमरेपर्यंत एकदा गेली. "टू इयर्स मी याच्यावर रिसर्च करतेय आणि आज कळलं ते किती थंड असतं." मागून मालकीणबाईंचा आवाज आला, की फोन ठेव आणि आंघोळीला जा.

"त्यांना दे जरा," मीनाक्षी म्हणाली.

दोघी बायका अर्धा मिनिट बोलल्या. आभार मानायला मीनाक्षीला फारसं जमत नाही आणि पलीकडच्या बाईंना ते ऐकून घ्यायला जमत नव्हतं, त्यामुळे लवकर आटोपलं. "नकाशा वाचते चांगला," त्या एवढंच म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर प्रसादने चकलीचा डबा उघडला आणि उभ्याउभ्या सात चकल्या खाल्ल्या. मग म्हणाला, "ताई, मीठ जास्त झालंय."

"मग सात कशाला खाल्ल्यास?"

तो हसायला लागला आणि बराच वेळ थांबेना. मीनाक्षीलाही हसू आलं, आणि हसताना आपण सकाळपासून पाय एका बाजूला दुमडून बसलो होतो हे तिच्या गुडघ्याने तिला कळवलं. प्रसादने हात देऊन उठवलं. मग त्याने बायकोला फोन लावला. ती रागावली, मग रडली, मग म्हणाली की केयासाठी घेतलेली साडी आता तिला मुळीच देणार नाही.

मीनाक्षीने ओल्या फडक्याने ईशान्येची रांगोळी पुसली. मावळे काढून घेतले. ती माती तिने बोटांनी पुन्हा उभी दाबली, कड्यासारखी, जिथून कुणी चढणार नाही आणि उतरणार नाही.

दुसऱ्या दिवशी केयाला व्हिडिओवर बसवून तिने पश्चिमेकडून नवी वाट काढली. माथ्यावरून निघून कुठे वळलीस, किती वेळ लागला, ओढा कुठे ओलांडलास, सगळं विचारत, रांगोळीची चिमूट चिमूट सोडत. पडक्या भिंतींच्या जागी चार खडे ठेवले. जिथे पोरगी कमरेपर्यंत गेली तिथे वाट केयाने डावीकडून न्यायला सांगितली आणि मीनाक्षीने मुकाट्याने नेली. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून डोंगर काढत होती.

"जरा वर, आत्या. नाही, इतकं नाही. तिथे दगड आहे."

"नकाशावर दगड नाही."

"पण आहे."

मीनाक्षीने दगड ठेवला.

दिवाळीला मंडळाचे लोक फराळाला आले तेव्हा अंगणात समोरून बघणाऱ्यांना नुसता उघडाबोडका कडा दिसला. ना वाट, ना मावळा. एका बाईंनी विचारलंच, "यंदा मावळे नाही मांडलेत?"

"मागच्या बाजूला आहेत," मीनाक्षी म्हणाली. "कचऱ्याच्या डब्यांकडून जा, तिथून दिसतील. आणि जपून, तिकडे ओलं आहे."