दौलतभाऊंचं अ‍ॅव्हरेज

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. दारात गहू निवडत बसलं, की ते आपोआप साचतात, गाडीच्या फिल्टरमध्ये धूळ साचते तसे. मला दाराबाहेर नजर टाकायची सवयच आहे. आमच्या घरात तिला ‘चौकशी खातं’ म्हणतात. म्हणू देत. सिडकोत आमची रो-हाऊसची लहानशी लाईन, आणि माझ्या दारासमोर बरोब्बर दौलतभाऊंचं गेट. सातवी शिकलेल्या बाईला कार्बोरेटरबद्दल एवढं कसं माहीत, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. मी समोर राहते.

दौलतभाऊ मूळचे कन्नड तालुक्यातले. गावाकडं भावांची शेती, इथं वाळूजच्या एका कंपनीत हे स्टोअर सांभाळायचे. आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची गोष्ट. घरात बायको शकूताई, मुलगी ज्योती आणि एक निळी स्कूटर. लोक भेटले की ‘बरं आहे ना’ विचारतात. दौलतभाऊ विचारायचे, “किती देती?” म्हणजे गाडी, एका लिटरला. अ‍ॅव्हरेज हा त्यांचा देवधर्म होता, आणि त्यापायी ज्योतीचं लग्न अडून बसलं होतं. पोरगी एकुलती, शिकलेली, दिसायला गोड. स्थळं यायची आणि चहा पिऊन परत जायची. ते कसं, ते सांगतेच. पण आधी स्कूटर समजून घ्या.

*

रविवारी सकाळी लाईनमधले बाकीचे लोक पोहे खात असायचे, तेव्हा दौलतभाऊ अंगणात स्कूटर उघडून बसलेले असायचे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा. फिल्टर धुऊन वाळत घालायचा. हवा बघायची. “चाकात हवा कमी म्हंजे चिखलातून चालल्यासारखं हाय वहिनी. इंजनाचा निम्मा जीव तिथंच जातो,” असं मला सांगायचे. मी विचारलेलं नसायचं, पण ऐकून घ्यायचे.

प्लग घासायला त्यांना जुना ब्रश लागायचा. एका रविवारी शकूताई दात घासता घासता थांबल्या आणि तोंड वाकडं करून बाहेर आल्या. ब्रशला पेट्रोलचा वास येत होता. दौलतभाऊंनी ब्रश हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाले, “अरे, म्हणूनच प्लगवर फेस येत होता मघाशी.”

*

ब्रेक या वस्तूशी त्यांचं वैर होतं. पेट्रोल जाळून गाडी पळवायची आणि ब्रेक दाबून ते सगळं मातीत घालायचं, हे त्यांना अन्नावर पाय देण्यासारखं वाटायचं. त्यामुळं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशीच इंजन बंद करायचे आणि उरलेल्या वेगात घरंगळत घरी यायचे. गेटच्या आत गेली की गाडी आपोआप थांबायची. हिशेबच तसा बसवलेला.

फक्त गेट उघडं पाहिजे. ज्योती लहान असल्यापासून ते तिचं काम. बाकीची पोरं बापाच्या गाडीचा आवाज ऐकून पळत बाहेर येतात. ही पोरगी आवाज बंद झाला की पळायची.

एकदा ती मैत्रिणीकडं गेलेली. मी अंगणात बाजरी वाळत घातली होती. स्कूटर बिनआवाजाची आली, तिकडं गेट बंद, इकडं माझं सताड उघडं. दौलतभाऊंनी हँडल वळवलं, माझ्या अंगणात शिरले आणि बाजरीच्या कडेला अलगद थांबले. उतरले, शर्ट झटकला.

“तुमचं उघडं दिसलं, वहिनी.”

ब्रेक होता की हो गाडीला! पण ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

*

सेव्हन हिलच्या उड्डाणपुलाचा किस्सा तर आमच्या लाईनमध्ये अजून सांगतात. चढावर वजन असलं की गाडी पेट्रोल पिते, म्हणून दौलतभाऊ शकूताईंना पुलाच्या अलीकडं उतरवायचे. ते वरून जायचे, या खालून चालत. पलीकडं दोघांची भेट. मग पुन्हा मागं बसायचं.

मी एकदा रिक्षातनं येत होते, तर पुलाखाली शकूताई. काठापदराची साडी, हातात आहेराची पिशवी, भर दुपारी एकट्याच चाललेल्या. मी रिक्षा थांबवून विचारलं, अहो ताई, इथं कुठं?

त्या चालतच राहिल्या. म्हणाल्या, “अ‍ॅव्हरेज वाढवतेय.”

*

लाईनच्या टोकाला रफिकभाईचं गॅरेज होतं. दौलतभाऊ दर थोड्या दिवसांनी त्याच्याकडं जाऊन कार्बोरेटरचा स्क्रू आवळून घ्यायचे. अजून कमी, अजून कमी. शेवटी इंजनात जाणारं पेट्रोल इतकं कमी झालं, की गाडी किकनं सुरूच होईना. सकाळी निम्मी लाईन धक्का मारायला. आमचे हे बँकेत जायच्या कपड्यांत धक्का मारायचे आणि घामेजून परत आत यायचे शर्ट बदलायला.

रफिकभाईकडं तक्रार गेली. तो स्टुलावर बसून शांतपणे म्हणाला, “भाऊ, अब सबसे अच्छा अ‍ॅव्हरेज है. धक्केपेच चलती, पेट्रोल लगताच नई.”

दौलतभाऊ त्यावर हसले नाहीत. विचार करत घरी आले.

*

आता शकूताईंच्या कमरेचं सांगते, कारण पुढं ते लागणार आहे.

जो माणूस ब्रेक मारत नाही तो गतिरोधकालाही मारत नाही. आमच्या लाईनच्या तोंडाशी एक गतिरोधक होता, चांगला उंटाच्या पाठीसारखा. दौलतभाऊ त्यावरून तसेच यायचे. ते स्वतः हँडल धरून उभे राहायचे, त्यांचं काय. मागं शकूताई. आधी आपटायच्या, मग सावरायच्या, मग पदर नीट करायच्या. बोलायच्या काही नाहीत. पुढं कमरेत उसण भरायला लागली. डॉक्टरनं पट्टा दिला. पट्टा साडीच्या आत बांधायच्या, त्यामुळं कुणाला दिसायचा नाही. मला माहीत होतं, कारण वाळत घातलेला मी बघितला होता.

मग त्यांनी स्कूटरवर बसणंच सोडलं. भाजीला चालत, लग्नाकार्याला रिक्षानं. दौलतभाऊंना वाटलं, बायको एकटी फिरायला लागली, धीट झाली. मला कौतुकानं सांगत होते, “आन गाडीचं बी वजन कमी झालं, वहिनी. लई फरक पडला.”

*

तर ज्योतीची स्थळं.

घरी कुणीही आलं की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी दौलतभाऊ बाहेर जायचे आणि त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाला मधोमध हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. चाकाचा तो भाग गरम लागला म्हणजे ब्रेक घासतोय, नाहीतर चालवणारा ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतोय. गार लागला म्हणजे माणूस बरा. तीच परीक्षा जावयाला.

पहिलं स्थळ अजिंठ्याचं. मुलगा सरकारी नोकरीत, घरची बागायत. गेटाशी आला आणि मोटारसायकल बंद करायच्या आधी त्यानं दोनदा रेस दिली, घूंऽऽ घूंऽऽ. पुष्कळांना सवय असते. दौलतभाऊ खुर्चीवरून उठलेच नाहीत. मंडळी गेल्यावर शकूताईंनी विचारलं, काय खोट काढली? तर म्हणे, “बंद करायच्या गाडीला कशाला चारा घालायचा? हा पोरगा उठून जायच्या आधी पुन्हा जेवायला बसंल.”

दुसरं स्थळ सोयगावचं. ते जीपनं आले. ड्रायव्हर जीप चालू ठेवून बाहेर उभा. आत बोलणी रंगली, पोरगी पसंत पडली, आणि दौलतभाऊंचा एक कान बाहेर. शेवटी भावी व्याह्यांचं वाक्य तोडून म्हणाले, तुमची गाडी चालू राहिलीय. व्याही म्हणाले, असू द्या, आमच्याकडं असंच असतं.

“मंग आमच्याकडं नाय जमायचं,” दौलतभाऊ म्हणाले. विषय संपला.

त्या दिवशी शकूताई स्वयंपाकघरातून पहिल्यांदा जरा मोठ्यानं बोलल्या. भिंत पातळ, रस्ता अरुंद, मला ऐकू आलं. “पोरगी द्यायचीय का स्कूटर?”

*

ज्योती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढायला आली की मीही जायचे. माझे कपडे नसले तरी. तिथंच तिनं मला सांगितलं. लॅबमध्ये बरोबर काम करणारा संदीप, पिशोरचा. वडील नाहीत, आई गावी शेती बघते. तिला तो आवडला होता, त्यालाही ती. आता आईला घेऊन तो रीतसर बघायला येणार होता.

“मावशी, ह्याला पण बाबांनी चाकावरून परत लावलं ना, तर मी पुन्हा कुणासमोर पोहे घेऊन जाणार नाही,” ती म्हणाली. रडत नव्हती. चिमटे मोजून डब्यात टाकत होती. ज्योतीचं बोलणं बापासारखं होतं, एकदा सांगितलं की झालं.

मी तिला म्हटलं, अगं, मग त्याला शिकवून ठेव की.

ती हसली. शिकवून ठेवलंच होतं. चाकात हवा, चेनला तेल, फिल्टर साफ. रेस द्यायची नाही. किराणा दुकानापाशीच इंजन बंद करायचं. उमेदवार इंटरव्ह्यूला पाठ करून येतो तसं पोराकडून तिनं सगळं पाठ करून घेतलं होतं.

*

ते आले त्या दिवशी मी शकूताईंना मदतीला म्हणून आतच होते. चहाचे कप मला जास्त चांगले पुसता येतात.

संदीपची मोटारसायकल दुकानापासून आवाज न करता आली. ज्योती सवयीनं उठून गेट उघडायला निघाली, मी हात धरून बसवली. मुलगी आहेस आज, म्हटलं. आमच्या ह्यांनी उघडलं. गाडी आत येऊन थांबली. संदीप आधी उतरला नाही. आईनं खांद्याला धरलं, हळूच पाय खाली टेकले, सरळ उभी राहिली, मग तो उतरला.

दौलतभाऊंचा चेहरा खुलला होता. चेन बघितली, तेल होतं. चाक अंगठ्यानं दाबलं, हवा कडक. मान हलवत हलवत ते खाली बसले आणि चाकाच्या मधोमध तळवा ठेवला.

तसाच मागं घेतला. भाजला होता.

खिडकीतनं आम्ही तिघी बघत होतो. ज्योतीनं हातातला ट्रे खाली ठेवून दिला.

दौलतभाऊ उठले. हात झटकत म्हणाले, “ब्रेक घासतोय तुमचा.”

इथं ‘हो, घासत असेल, दाखवतो गॅरेजला’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण पोरगा सरळ. म्हणाला, “नाय काका. ब्रेक ठीक आहे. मीच पाय ठेवून चालवतो.”

“पाय ठेवून?”

“पिशोरपासनं.”

दौलतभाऊ पुन्हा वाकून चाकाकडं बघायला लागले. त्यांच्या अंगणात उभं राहून असं कबूल करणारा हा पहिलाच. तेवढ्यात संदीपची आई पुढं आली. साधी बाई, डोक्यावर पदर.

“माझ्यापायी ओ दादा. माझा मणका सरकलेला हाय. खड्डा आला की कळ डोक्यात जाती. मी म्हनते एस्टीनं येते, तर हा ऐकत नाय. घाट असू द्या, गतिरोधक असू द्या, सगळीकडं बैलगाडीवानी आनतो मला.”

दौलतभाऊ गाडीकडं बघत होते. “मंग अ‍ॅव्हरेज काय पडतं?”

“एकटा असलो की चांगलं पडतं, काका,” संदीप म्हणाला. “आई मागं असली की मी बघत नाय.”

 माझ्या शेजारी शकूताई उभ्या होत्या. त्यांचा हात साडीवरून कमरेला, जिथं पट्टा असतो तिथं होता. किती वेळ तसाच होता कोण जाणे. मग त्या दारात गेल्या, नवऱ्याकडं न बघता संदीपच्या आईला आत घेतलं, पाटाऐवजी उशी ठेवलेली खुर्ची दिली आणि म्हणाल्या,

“ज्योती, साखर आण.”

दौलतभाऊ बाहेरून म्हणाले, “अगं, पन...”

“सगळ्यांना पुरंल एवढी आण,” शकूताई म्हणाल्या.

*

साखरपुड्याच्या खरेदीला जायचं होतं. मी दारात गहू निवडत बसले होते. समोरचं गेट उघडलं, स्कूटर बाहेर आली. शकूताई रिक्षा बघायला निघाल्या होत्या. दौलतभाऊ गाडी चालू ठेवून उभे राहिले. चालू ठेवून! बराच वेळ. शकूताईंनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि मग पदर खोचून मागं बसल्या.

स्कूटर निघाली. मी सूप खाली ठेवून उठले. आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. पलीकडच्या दोन घरांतली माणसंही उगीचच बाहेर आली. गतिरोधक जवळ आला.

त्या स्कूटरला मागं ब्रेकचा लाल दिवा आहे, हे आमच्या लाईनला त्या दिवशी कळलं.