थापाड्या बाळू आणि थर्मासातला चहा

एकाहत्तरची लढाई लागायच्या आधी आमची कंपनी जम्मूच्या बाजूला सरहद्दीवर होती. मी केंदूरचा, बाळू निमोण्याचा. भरती एकाच दिवशी, ट्रेनिंग एका बराकीत आन् पुढं बंकरही एकच.

बाळू थापाड्या होता. हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्या विहिरीत मगर होती, मामाच्या दारात हत्ती होता. पहाऱ्याची पाळी आली की त्याची एखादी मावशी मरायची आन् तो तोंड पाडून बसायचा. शेवटी हवालदार साहेबांनी विचारलं, "बाळू, और कितनी मौसी बाकी हैं?"

"दो, साहब."

एकदा त्याची पाळी मी केली. थंडीनं बोटं सुजली. सकाळी त्यानं मला गूळ दिला. खाऊन झाल्यावर कळलं, गूळ माझ्याच पेटीतला.

लढाई लागली. त्या दिवशी पुढच्या टेहळणीच्या खड्ड्यात मी वायरलेस सेट घेऊन होतो. जोडीदार राशन आणायला मागं गेलेला. मागच्या बंकरात सेटवर बाळू. उजाडल्यावर गोळाबारी सुरू झाली. एक गोळा खड्ड्याच्या तोंडाशी फुटला आन् माझ्या मांडीत लोखंड घुसलं.

"बाळू, पायाला लागलंय. रगत थांबंना. ओव्हर."

"पट्टी आवळून बांध. स्ट्रेचर पार्टी निघाली. ओव्हर."

जरा वेळानं तोच बोलला, "नाल्यापाशी आली बघ. पुढच्याच्या हातात थर्मास हाय. चहा पाठवलाय तुला. ओव्हर."

"थापा मारू नगं. ओव्हर."

"आईच्यान. आलं टाकलंय. झोपू नगं, गार हुईल. ओव्हर."

थाप हाय हे मला कळत होतं. पण आलं टाकलंय म्हटल्यावर मी डोळे मिटले नाहीत. नाल्याकडं बघत राहिलो. तो बोलत राहिला. मधे एक मोठा आवाज झाला. त्यानंतर त्याचा आवाज बारीक आला.

"बाळू, तुला काय झालं? ओव्हर."

"काय न्हाई. ठसका लागलाय. पार्टी वर चढतीय. जागा ऱ्हा. ओव्हर."

त्यानंतर सेटवर कुणी बोललं नाही.

गोळाबारी थांबल्यावर दुपारी पार्टी आली. थर्मास नव्हता. पार्टी निघालीच होती गोळाबारी थांबल्यावर. त्यांनीच सांगितलं, बंकरावर गोळा पडला आन् बाळूच्या पोटात लागलं. सुभेदार साहेबांनी सेट सोड म्हणून सांगितलं, तर त्यांनाही म्हणाला, "मुझे कुछ नहीं हुआ, साहब." सेटपाशीच गेला.

आता माझी नात दौंडला शाळेत मास्तरीण आहे. ती मुलांसाठी लढाईचं पुस्तक लिहितेय. बाळूचं पान तिनं मला वाचून दाखवलं. बाळू कधी खोटं बोलत नसे, असं त्यात होतं.

मी म्हणालो, "ह्यो कोण? ह्याला मी वळखत न्हाई."

"आबा, लहान मुलं वाचणार. आणि बाळू आजोबांच्या बहिणीला काय वाटेल?"

"तिलाच इचारू. न्हाईतर माझ्या बाळूचं नाव काढून टाक त्यातनं."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली.

निमोण्यात बाळूची थोरली बहीण, आक्का, कांदे साठवायच्या चाळीत कांदा निवडत होती. वय झालंय, पण हात थांबत नाही. नातीनं पान वाचलं. आक्का म्हणाली, "चांगलं हाय. पर ह्यो आमचा बाळू न्हवं."

"मग कसे होते ते?" नातीनं विचारलं.

"मला म्हणला हुता, आक्का, मी मेसमधी भाज्या चिरतो, बंदूक हातात बी धरली न्हाई. जाताना म्हणला. मीबी व्हय म्हणलं. रडली असती तर त्याचा पाय निघाला नसता." तिनं एक नासका कांदा बाजूला टाकला. "थापाड्या हुता. तसंच लिव्ह, बाय."

मग मी आक्काला पायाचं, सेटचं, आलं टाकलेल्या चहाचं सांगितलं. इतक्या वर्षांत सेटवरचं हे बोलणं तिला कधी सांगितलं नव्हतं. ती खाली बघून ऐकत होती.

"मंग? मिळाला का चहा तुला?"

नात माझ्याकडं बघायला लागली.

"मिळाला की, आक्का. गरम हुता."

आक्का हसली. पदरानं डोळे पुसले आन् पुन्हा कांद्याला लागली.

"तूबी त्याच्यातलाच," म्हणाली.