मार्था बाई रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा

माझ्या तासांच्या नव्या वेळापत्रकाला ताज्या शाईचा वास होता, आणि मला मार्था बाई आठवल्या. केज तालुक्यात आमच्या साखर कारखान्याच्या कॉलेजात त्या परदेशातून इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. करारात आठवड्याचे सोळा तास होते. बाकी वेळ त्यांचा.

दुष्काळाचं वर्ष. बी.ए.चा शेवटचा पेपर आणि पाण्याचा टँकर एकाच सकाळी आले. आई तापाने फणफणलेली, म्हणून रांगेत मी होते. त्या दिवशी स्वतःला सुट्टी असूनही बाई मला शोधत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली घागर घेतली.

"तू जा. मी भरते."

"बाई, लई रेटारेटी हाय. तुमाला न्हाई जमायचं."

"जा!"

तीन तास माझा जीव रांगेतच अडकला होता. पेपर देऊन धावत परतले. बाई चिंब भिजलेल्या, कोपर खरचटलेलं, घागर अर्धी.

"अर्धीच?" मी ओरडले.

"सॉरी," त्या म्हणाल्या.

मी पास झाले. बाई त्याच महिन्यात मायदेशी गेल्या. आता मीही शिकवते, पण सुट्टीच्या दिवशी कुणा विद्यार्थिनीला शोधत गेल्याचं मला आठवत नाही. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. ते खरचटलेलं कोपर डोळ्यांसमोर आलं की मला खुर्चीत बसवत नाही.