एकाच बल्बचे दोन उजेड

अन्याय झाला तो माझ्या रामदास काकांवर — गोडादऱ्याच्या वस्तीतून लूम कामगारांना कामावर नेणारी व्हॅन ते चालवायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पहाटे साडेपाचला, कामगार घ्यायच्या आधीच, चलथाणजवळच्या धुक्यात गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. काका जागीच गेले. पोलिसांच्या कागदावर काय? "चालकास झोप लागली." व्हॅनच्या मालकानेच तसं सांगितलं!

मी कामगारांची पत्रकं लिहितो. भूत-बित मानत नाही. माणसाला माणूसच मारतो, हे माझं मत. आजही.

काकू मात्र अहिराणीत एकच घोकत होत्या, "तुना काका झोपेल नव्हतात, भाऊ."

तेच सिद्ध करायला निघालो. महिनाभर आधी मालकाने व्हॅनचे ओरिजिनल हेडलाइट काढून स्वस्तातले डुप्लिकेट बसवले होते. ओरिजिनल नुसते पिवळे पडलेले. पॉलिश केले असते तर चालले असते. त्यातला एक मेकॅनिक इक्बालभाईंकडे पडून होता; तो त्यांनी पॉलिश करून दिला. अपघातातून वाचलेला एक डुप्लिकेटही मिळाला.

"तेरे काका के सेठ ने लाइट नहीं, बर्थडे की मोमबत्ती लगाई थी," इक्बालभाई म्हणाले. "फूँक मार के देख!"

संध्याकाळी सातला काकूंनाही घेऊन बमरोलीत, एका मिलच्या पांढऱ्या भिंतीसमोर बाकड्यावर दोन्ही ठेवले. बॅटरी एक, बल्बही एकच — आलटून पालटून घालायचा. डुप्लिकेटचा उजेड वर, बाजूला, सगळीकडे धुरकट; खाली, जिथे रस्ता असतो, तिथे काळोखच. ओरिजिनलची भिंतीवर सरळ रेघ, आणि रेघेखाली लख्ख.

त्या लख्ख उजेडात... उसाची सावली. ट्रॉलीबाहेर लोंबणारे शेंडे, हलणारे. बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये काहीही नव्हतं!

बल्ब डुप्लिकेटमध्ये घातला — काही नाही. परत ओरिजिनलमध्ये — ऊस. तीनदा.

काकू भिंतीपाशी गेल्या, सावलीवर हात ठेवला. "त्यास्ले हाई दिसनंच नही," एवढंच म्हणाल्या — त्यांना हे दिसलंच नाही.

मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. त्यात फक्त पांढरी भिंत आणि काकूंचा हात. मालकाने तो पाहून विचारलं, "भिंत विकायची आहे का?" कागदावर काका अजून झोपलेलेच आहेत.

ती सावली कसली, मला आजही सांगता येत नाही. इक्बालभाई तर तो विषयच काढू देत नाहीत. पण तुम्ही एक करा. आज अंधार पडला की आपली जुनी गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम लावा. रेघ दिसली नाही तर तो हेडलाइट काढून फेका. गाडी मालकाची असेल, तर चावी त्याच्या हातावर ठेवा आणि सांगा — आधी तू चालवून दाखव.