काळ्या पेंढ्याचा राब

थोरल्या भावाच्या दहाव्याला गावातला एक जण माझ्या शेजारी बसून म्हणाला, "माणूस देव होता, पण त्या साली बियाण्यात चुकला." मी मान डोलावली. आता माझेही फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. बियाणं चांगलं होतं.

नव्वदीच्या दशकात मी फुटलेली जहाजं काढणाऱ्या कंत्राटदाराकडे मुकादम होतो. किनाऱ्यालगत खडकावर चढलेलं एक जहाज आम्ही उन्हाळ्यात तोडत होतो. आधी टाक्यांतलं तेल उपसायचं, भोवती तरंगता पट्टा टाकायचा आणि तरीही सुटेल ते तेल भाताच्या पेंढ्यानं टिपायचं, अशी पद्धत होती. पेंढा मीच आमच्या शेणवे गावाकडून मागवला होता. तिथली एक कोळीण रोज बजावायची, "खाडीत तेल आलं ना मुकादम, तर तुलाच त्यात बुचकळीन." खाडीत तेल आलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

तेल प्यायलेला पेंढा लांबच्या भट्टीत जाळायला पाठवायचा होता. त्या वर्षी जंगलखात्यानं झाडांचा टहाळ तोडू दिला नव्हता, त्यामुळे भावाकडे राबाला काही नव्हतं. भाताच्या रोपाची जमीन पेरणीआधी पालापाचोळा पसरून भाजायची, हा आमच्याकडचा राब. मी भट्टीचा ट्रक गावाकडे वळवला.

वहिनीनं नाकाला पदर लावला. "भावजी, ह्ये काय आणलाव? यापरीस मेलेली म्हस बरी!"

भाऊ मात्र खूश. "जळंल बघ कसा!" आमची आळी त्याच्याकडूनच बियाणं नेई. त्यानं पेंढाही सगळ्यांना वाटला. आळीच्या टोकाच्या विधवेनं बियाणं नेलं, पेंढा तेवढा घेतला नाही. तिनं शेण आणि पाला साठवला होता.

राब काळा धूर ओकत जळला. खाली चिकट थर राहिला. पावसात रोप उगवलं, पिवळं पडलं आणि बसलं. हिरवं राहिलं ते फक्त विधवेचं.

आळी आमच्या ओट्यावर जमली. एकानं मला विचारलं, "तू बोटीवरला माणूस. पेंढ्यानं तर नाय ना झालं?"

खरं बोललो असतो तर ट्रक वळवल्याचं साहेबांपर्यंत गेलं असतं, नोकरी गेली असती. मी म्हणालो, "तेल तेव्हाच जळून गेलं. बियाण्याचं बघा."

"मंग तिचं रोप कसं आलं?"

"तिला दुसऱ्या कणगीतलं दिलं आसंल दादानं," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

भावानं कणगीतले दाणे आणून दाताखाली फोडले. "दाणा तर कडक हाय रे," तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. बापाच्या वेळेपासून आमच्या घरातून बियाणं जाई. त्यानंतर कोणी मागायला आलं नाही. पुढं भाऊसुद्धा मुरबाडच्या दुकानातून पिशवी आणू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा तो रोपाच्या जागेवरची माती खणून टोपल्यानं बांधापलीकडच्या खड्ड्यात टाकत होता.

"कशाला रे दादा?"

"आसंच," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

त्याला कळलं होतं. तरीही ओट्यावरच्या त्या गोष्टीबद्दल तो कधी कोणाशी बोलला नाही. मी बांधावर उभा राहिलो. टोपलं उचलायला हात लावला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून तोही लावला नाही.